ऐकण्याची चाचणी

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना पोरं तोफ म्हणतात, आणि ते काही आवाजामुळे नाही. बाईंचा नेमच तसा. एके काळी फळ्यावर लिहिता लिहिता गर्रकन वळायच्या आणि डस्टर सोडायच्या, तो बरोबर बोलणाऱ्याच्याच डोक्यात. एकाच्या भुवईला टाके पडले होते. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे थप्पड बसली की इकडे माझी पोरं ताठ बसायची. फुकटात शिस्त मिळत होती, मी कशाला तक्रार करू?

मग मारायचं नाही असा नियम आला. बाईंनी तो पाळला, पण दातओठ खात पाळला. "हात बांधायचे आणि वर म्हणायचं, शिकवा," असं पुटपुटत डबा उघडायच्या. पोरं डोक्यावर बसली. एकाने भर तासाला दुसऱ्याच्या मांडीत कर्कटक खुपसलं, रक्त आलं, आणि बाई नुसत्या ओरडत राहिल्या. त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन रडल्या. दुःखाने नाही, रागाने. त्यांचं सगळं तसंच असतं.

अशात टॅब आले. प्रत्येकाला एक, सोबत कानावर बसणारे मोठे हेडफोन. इंग्रजी ऐकायचं आणि ऐकून उत्तरं टिपायची. खरी मेख पुढे होती. वेळ संपली की टॅब स्वतःच गुण मोजायचा आणि लगोलग वडिलांच्या फोनवर पाठवायचा. पास असेल तर हिरवा गोल, नापास असेल तर लाल. इंग्रजी न येणाऱ्या बापालाही कळावं म्हणून गोल. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं होतं देव जाणे.

बघता बघता वर्ग सुतासारखा सरळ झाला. बाई हरखून गेल्या. "कुणाला बोट लावलं नाही," मला सांगायच्या, "आणि बघ, कशी चिडीचूप बसतात." मला त्यांचा हेवाच वाटला, कारण गणिताला टॅब मिळाले नव्हते.

वर्गात एक मुलगी होती. पेन्सिली कुरतडायची म्हणून सगळे तिला खार म्हणत. शाळेच्या मागच्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं टायरचं दुकान. गडी असा की ट्रकचं चाक एकटा उतरवायचा. पोरीने फाडफाड इंग्रजी बोलावं एवढा एकच ध्यास त्याला, आणि हिरवा गोल आला की गिऱ्हाइकांना फोन दाखवत सुटायचा. खार वाचण्यात पटाईत होती. पण ऐकण्याच्या चाचणीत एकदा लाल आलं, ते मग लालच येत राहिलं. बाईंचं मत ठरलेलं होतं, ही नाटकं करते. कारण डाव्या कानावरचा हेडफोन ती सारखा वर सरकवून ठेवायची.

त्या दिवशीही तिने तो सरकवला. बाई तिच्या मागे गेल्या, आवाज पूर्ण वाढवला आणि दोन्ही तळव्यांनी हेडफोन तिच्या कानांवर दाबून धरला. "आता ऐक," म्हणाल्या.

ती अशी किंचाळली की माझ्या हातातला खडू तुटला. मी धावत गेले तेव्हा पोर बाकाखाली मुटकुळं करून पडली होती. बाईंच्या हातात हेडफोन होता, आणि त्याच्या डाव्या बाजूच्या स्पंजाला रक्त आणि पू लागला होता.

आम्ही दोघींनी तिला समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात उजेड टाकून बघितलं, मग आम्हा दोघींकडे बघितलं. "पडदा फाटलाय. चिघळलाय. आणखी एक फटका बसला तर हा कान गेला समजा. कोण मारतं हिला?"

खार बाईंना म्हणाली, "लाल आलं की बाबा मारतात. पहिल्यांदा लाल आलं ना, तेव्हा नेट बंद पडलं होतं. मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलेल. तेव्हापासून ह्या कानात नुसता वारा वाजतो, बाई. शब्द कळत नाहीत. म्हणून परत लाल येतं."

मला समजायला जरा वेळ लागला. ऐकू येत नाही म्हणून लाल, लाल म्हणून त्याच कानावर थप्पड, आणि पुढच्या आठवड्यात परत चाचणी. बाई भिंतीला टेकल्या. "म्हणजे मीच मारत होते हिला," म्हणाल्या.

मग एकदम त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आजची चाचणी अर्धवट सुटली होती. टॅब बाकावर तसाच पडला होता आणि वेळ केव्हाच संपली होती. लाल गोल टायरच्या दुकानात पोचलाही असणार.

मी म्हटलं, हिला सरळ माझ्या घरी नेऊ. पण खार ऐकेना. दप्तर वर्गात राहिलंय, दप्तर हरवलं तर बाबा आणखी मारतील, एवढंच घोकत राहिली. म्हणून परत आलो, आणि ती दप्तर भरत असतानाच तो आला. हाताला ग्रीस, हातात फोन, फोनवर लाल गोल. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा, बाई. घरची गोष्ट आहे."

"तिचा कान फुटलाय, तुमच्या मारानं. तिला ऐकूच येत नाही."

"मला कशाला सांगता?" त्याने फोन बाईंच्या तोंडासमोर धरला. "हे कोण पाठवतं? तुम्हीच ना? तुम्ही लाल पाठवता म्हणून मी मारतो. मला काय हौस आहे?"

त्याने बाईंना ढकललं आणि तो आत शिरला. त्याचा हात वर गेला तशी खार जागच्या जागी वळली आणि तिने आपण होऊन उजवी बाजू पुढे केली. डावा कान वाचवायला.

ते बघून बाईंचं डोकं फिरलं. इतकी वर्षं आवरून धरलेला हात त्यांनी सणसणीत त्याच्या कानाखाली ठेवून दिला. तो बाकावर आदळला. उठला तो टॅब उचलूनच, आणि कडेच्या बाजूने त्याने तो बाईंवर हाणला. बाईंनी हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. दुसरा घाव कपाळावर बसला, काच फुटली, बाईंचे डोळे रक्ताने भरले, तरी त्या डाव्या हाताने त्याला मारतच होत्या. माझ्या वर्गातून मी फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपास आणला आणि त्याच्या पाठीत घातला. अंगात जेवढा जोर होता तेवढा घातला, आणि मला बरं वाटलं. कंपासचे दोन तुकडे झाले.

तो फरशीवर बसला, कानावर हात दाबून. पोरं बाकांवर चढून बघत होती. "ह्या कानानं काही ऐकू येत नाहीये," तो म्हणाला.

"कळलं आता?" बाई म्हणाल्या.

पोलीस आले, जबाब झाले. खार आणि तिची आई मामाकडे राहायला गेल्या. लाल-हिरवे गोल बंद झाले. डॉक्टर म्हणाले, जपलं तर कान भरून येईल. बाईंना शाळेची नोटीस मिळाली आणि स्टाफरूममध्ये शाबासकी. मीही दिली. पोरीसाठी हाड मोडून घेतलं, असं मी सगळ्यांना सांगत फिरले.

प्लॅस्टर निघाल्यावर बाई वर्गावर आल्या, तेव्हा मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. चाचणी आता हेडफोनशिवाय, स्पीकरवर होती. खारीला पहिल्या बाकावर, उजवा कान स्पीकरकडे येईल असं बसवलं होतं. तिच्या डाव्या कानातला कापसाचा बोळा निसटत होता. तो नीट बसवायला बाईंनी हात पुढे केला.

खारीने डोळे मिटले, मान वळवली आणि उजवी बाजू पुढे केली.

बाईंचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो पाठीमागे नेला, दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि तास संपेपर्यंत तसाच धरून शिकवलं. अजूनही त्या तशाच शिकवतात. नवीन पोरांना वाटतं, बाईंची ती सवय आहे.