चन्नबसप्पा मामांचे बुडबुडे

चन्नबसप्पा मामा आमच्या अंजूच्या लातूरच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेचे शिपाई होते. पावसाळा ओसरला की ते मांजरा नदीच्या बंधाऱ्यावरून हायड्रिला आणत. काचेच्या भांड्यात ती पाणवनस्पती, तिच्यावर पालथं नरसाळं, त्यावर परीक्षानळी. बल्ब लांबून हळूहळू जवळ आणायचा आणि मिनिटाला प्राणवायूचे किती बुडबुडे सुटतात ते मोजायचं. कपाळावर भस्म, गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत सारलेलं, असे ते बोटांवर मोजत बसत. दोन फुटांवर आठ, फुटावर वीस, वितीवर तीस. त्याहून जवळ नेला तरी तीसच, हेही ते सांगत. नीट परीक्षेच्या मागे लागलेली बहुतेक पोरं मागच्या वर्षीचे आकडे जर्नलात उतरवून मोकळी होत. मामा तरीही भांडं मांडून ठेवत.

यंदा संस्थेने प्रयोगशाळा मोडून अभ्यासिका करायचं ठरवलं आणि पालकांच्या सह्या घेतल्या. मीही केली. अंजूचं नीटचं हे दुसरं वर्ष, घरात तिचं लक्ष लागत नव्हतं आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मामांनी सचिव अमृतरावांकडे एकच मागणं केलं, की एकदा प्रयोग बघा आणि मग काय ते ठरवा. अमृतराव चार पालकांना घेऊन आले. त्यांत मी होते.

मामांनी भांडं लख्ख घासलं होतं. एरवी ते बोअरचं पाणी भरत, त्याने काचेवर पांढरे डाग पडत.

"साहेब लोक येनार म्हनून आज जारचं पानी टाकलंय," ते कौतुकाने म्हणाले.

बल्ब लागला. दोन बुडबुडे सुटले आणि थांबले. मामांनी बल्ब फुटावर आणला, मग वितीवर. काहीच नाही.

"मामा, झाड उपाशी हाय का तुमचं?" अमृतराव म्हणाले. सगळे हसले.

ते उपाशीच होतं. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेलं, मला लगेच कळलं. बोअरच्या खाऱ्या पाण्यातून झाडाला कार्बन मिळायचा. जारच्या गाळलेल्या पाण्यात तो जवळजवळ नव्हता, मग प्रकाश कितीही वाढवला तरी काय उपयोग? तो भरून काढायला चिमूटभर खाण्याचा सोडा पुरला असता, आणि तो खाली कँटीनमध्ये होता. मी गप्प राहिले. अंजूला अभ्यासिकेत जागा मिळणार होती.

मामांनी बल्ब काचेला टेकवला. पाणी गरम झालं, पानं फिकी पडली. "हात बिघडला माझा," एवढंच ते म्हणाले.

महिनाभरात ओटे फोडले. मामांना अभ्यासिकेच्या दारात हजेरीला बसवलं. परवा अंजूचा डबा द्यायला गेले, तर त्यांनीच विषय काढला. घरी बादलीत जारच्याच पाण्यात हायड्रिला ठेवून ते अजून बल्बच बदलून बघत होते.

"ताई, उजेड कमी पडला का वो माझा?"

मला राहवलं नाही. पाण्याचं, सोड्याचं सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"तवाच ठाऊक हुतं तुमाला?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि आत अंजूच्या टेबलावर नेऊन ठेवला.