दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या

खापरखेड्याच्या वीज केंद्रात माझं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. कुणाच्या घरी लग्न असो, कुणाची आई आजारी असो, कुणाला नुसतंच घरी पडून राहायचं असो, त्याची रात्रपाळी मी घ्यायचो. आमच्याकडे दोघांची संमती असली की पाळी बदलता येते. एक अर्ज, दोन सह्या, झालं. अकराला कंट्रोल रूममध्ये बसायचं, सकाळी सातला उठून नागपूरची बस धरायची. "तू तं लय मोठ्या मनाचा हाय गा," असं सोबतचे लोक म्हणायचे आणि मी ते निमूट ऐकून घ्यायचो. खरं एवढंच होतं की मला रात्री स्वतःच्या घरात राहायची भीती वाटायची.

हे माझ्या बेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं. आधी थकवा आला. बॉयलरचे जिने मी बोलत बोलत चढायचो, तिथं आता कठडा धरून थांबायला लागलो. मी पाळ्यांना दोष दिला, उन्हाला दिला, वयाला दिला. दाढीही मागे पडली. एक दिवसाआड करायचो, ती आठवड्यावर गेली. "दोन मयन्यापासून एकच ब्लेड चालवून राहिले तुमी," बायको हसून म्हणाली, "एवढे कंजूष कधीपासून झाले?" मीही हसलो. शरीर काहीतरी सांगत होतं आणि आम्ही नवराबायको ब्लेडवरून थट्टा करत बसलो होतो.

मग इच्छाच गेली. भांडण नव्हतं, राग नव्हता, दुसरं कुणी तर नव्हतंच. ताटावर बसावं आणि भूकच नसावी, तसं. दोन-तीनदा प्रयत्न केला, फजिती झाली. ती माझ्या पाठीवर हात ठेवून पडून राहिली. तो मायेचा हात मला सहन झाला नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते. पुढच्याच आठवड्यात एका सहकाऱ्याच्या मेहुणीचं लग्न निघालं आणि मी त्याची रात्रपाळी मागून घेतली. बस सुटली तेव्हा किती हलकं वाटलं होतं मला.

त्यानंतर चटकच लागली. महिन्यातल्या वीस-वीस रात्री मी केंद्रात काढल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत राहिलो. डॉक्टरकडे जावं असं वाटलं नाही असं नाही, पण बोलायचं काय? सर्दी-पडसं सांगता येतं. हे कोणत्या तोंडानं सांगणार?

त्या वर्षांत बायकोचं काय चाललं होतं ते मी पाहिलं, पण समजून घेतलं नाही. ती सकाळी फिरायला जायला लागली. भात सोडला. केस रंगवले. काटोलला माहेरी गेली तेव्हा बहिणीसोबत जाऊन दोन नव्या साड्या घेऊन आली, त्यातली एक नेसून दारात उभी राहिली. मी रात्रपाळी करून आलो होतो. "चांगली हाय," म्हणालो आणि झोपायला गेलो. बाईला वेळ घालवायला काहीतरी सापडलं, एवढंच मला वाटलं. पुढे आमची पोरगी शिकायला पुण्याला गेली. तेव्हा बायकोनं आपली गादी पोरीच्या खोलीत हलवली. "तुमची दिवसाची झोप मोडते माह्यानं," म्हणाली. मी नको म्हणालो नाही. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं.

अशी सहा वर्षं गेली. मग एक दिवस केंद्राच्या फाटकाशी साधा पाय घसरला आणि मनगटाचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं आणि तपासणीत अंगात रक्तही कमी निघालं, म्हणून हाडाच्या डॉक्टरनं नागपुरातल्या एका दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. तो ग्रंथींचा तज्ज्ञ होता, वयानं माझ्याहून लहान. त्यानं रिपोर्ट बाजूला ठेवले, माझ्या गालाकडे पाहिलं आणि विचारलं, "दाढी किती दिवसांनी करता?" सहा वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मग तो उठला, दार लोटून आला आणि पुढचे प्रश्न विचारले. पहिल्याला मी खोटं बोललो. दुसऱ्याला रडलो.

पुरुषपणाचं जे संप्रेरक असतं ना, टेस्टोस्टेरॉन, ते कमी असावं असं तो म्हणाला. पण संशयावर औषध देणार नाही, रक्त तपासू. मी दुसऱ्या दिवशी रात्रपाळीवरून थेट रक्त द्यायला गेलो. आकडा कमी आला. त्यानं तो मानलाच नाही. "हे सकाळी जास्त असतं, तेही रात्री झोप झाली असेल तर. तुम्ही रात्रभर जागे होतात. दोन-तीन आठवडे रात्री घरी झोपा, मग उपाशीपोटी सकाळी या. दोनदा बघू."

रात्री घरी झोपा. एवढंच तर मी सहा वर्षं टाळलं होतं.

पहिल्या रात्री मी जेवून घरातच बसलो तर बायकोनं घड्याळाकडे पाहिलं. "काहून, आज कोणी सुट्टी नाही मागतली का?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती. तिनं माझं अंथरूण घातलं, उशाला तांब्या ठेवला आणि पोरीच्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.

दोन्ही वेळा आकडा कमीच आला. मेंदूच्या खालची एक ग्रंथी ते संप्रेरक बनवायचा हुकूम सोडायची बंद झाली होती. डोक्याची तपासणी झाली, गाठबीठ काही निघाली नाही. "आणखी मूल हवंय का? या औषधानं ते अवघड होतं," डॉक्टरनं विचारलं. आमची ती वर्षं मागे पडली होती. मग त्यानं जेल लिहून दिलं. रोज सकाळी आंघोळीनंतर खांद्यांना लावायचं, वाळू द्यायचं, वरून शर्ट घालायचा, आणि ठरल्या वेळी रक्त तपासून घ्यायचं. शेवटी त्यानं बजावलं, "ओलं असताना घरच्या बाईचा हात लागू देऊ नका. तिला बाधतं." मला हसू आलं. ही काळजी मी औषधाआधीच सहा वर्षं घेतली होती.

चार महिन्यांत जिन्यावर थांबणं संपलं. ब्लेड लवकर बोथट होऊ लागलं. आणि एका सकाळी ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बायको पाहून मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. मला इतका आनंद झाला की मी तसाच आत जाऊन आंघोळ केली, जेल लावलं आणि उघड्या अंगानंच तिच्यासमोर येऊन बसलो. ती जेवणाच्या टेबलावर सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती काड्या वेगळ्या करत ऐकत राहिली.

"किती वर्षं झाले याले?" तिनं विचारलं.

"सहा."

ती उठली आणि आतून एक प्लास्टिकची फाईल घेऊन आली. तिचे रिपोर्ट होते. थायरॉइड, साखर, बायकांच्या डॉक्टरची चिठ्ठी. "मीबी तपासून घेतलं होतं," ती म्हणाली. "माह्यातच काही बिघडलं असन म्हून. सगळं नॉर्मल निघालं. तवा मले वाटलं, मंग मीच आवडत नसन तुमाले."

माझी एक तपासणी सहा वर्षं राहून गेली होती, आणि तिनं स्वतःच्या सगळ्या करून घेतल्या होत्या.

"एकडाव सांगतलं असतं ना," ती म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला. माझ्या खांद्याकडे.

मी झटकन मागे सरलो.

जेल ओलं होतं म्हणून सरलो, की सहा वर्षांच्या सवयीनं, ते मला आजही ठरवता येत नाही. तिचा हात तिथंच थांबला. मी घाईघाईनं औषधाचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, वाळू दे म्हणालो. तिनं सगळं ऐकलं. "असू द्या," म्हणाली आणि हात परत सांभारात घातला.

या गोष्टीला दोन वर्षं होतील. आता मी कुणाचीच रात्रपाळी घेत नाही, आणि मी बदललो असं लोक म्हणतात. तिची गादी पोरीच्याच खोलीत आहे. जेल वाळायला पाच मिनिटं लागतात. मी दहा मिनिटं थांबतो, शर्टाची सगळी बटणं लावतो आणि तिचा हात पोचेल इतक्या जवळच्या खुर्चीवर जाऊन बसतो. ती माझ्यापुढे चहा ठेवते आणि भाजी निवडायला घेते.