मामांनी केलेली जागा

दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, असा माणूस अख्ख्या मॉरिशसमध्ये एकच असावा, आणि ते नेमके माझे मामा निघाले. सीटवर कुणाची तरी टोपली आहे म्हणून हे गृहस्थ रोझ हिलपर्यंत बसमध्ये उभे राहत. विद्यापीठातल्या संगणकांच्या खोलीची किल्ली त्यांच्याच खिशात असे, तरी कुलूप काढण्याआधी ते दारावर टकटक करत. "कोन असला तर?" "मामा, कुलूप बाहेरून आहे," हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो, कारण त्याच खोलीत मी त्यांचा मदतनीस होतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे आठ वर्कस्टेशनं आली, आठांत मिळून एक डिस्क, आणि तिच्यावर जुन्या मशीनवरचं सगळं उतरवलेलं. पाठोपाठ टपालाने सी कंपायलरची, म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणाऱ्या प्रोग्रामची, टेप आली. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सी भाषेतच करायचे ठरलेले. कंपायलर बसला नाही तर मुलांचं वर्ष जाणार. आणि डिस्क काठोकाठ भरलेली. जुन्या फाइली पुसायचा अधिकार मामांना होता. मी असतो तर दुपारच्या चहाआधी साफ केल्या असत्या. मामा यादी घेऊन दारोदार हिंडले. "ही तुमची हाय ना? काढू काय?" कुणी हो म्हणेना. एक प्राध्यापक कायमचे फ्रान्सला गेलेले, त्यांना मामांनी पत्र घातलं. उत्तर आलं, राहू द्या.

मुलं रडकुंडीला आली. ब्रीझे वेर्दिएर गावची एक मुलगी म्हणाली, "मामा, लेक्झामें, परीक्षा आला. बे की पू फेर? आमी काय करायचा?"

"सोमवारी ये, बेटी."

सोमवारी जागा झालेली होती. कंपायलर दोनदा अडला, तिसऱ्यांदा बसला. त्या मुलीचा पहिला प्रोग्राम चालला तेव्हा मामांनी हात जोडले, मशीनला की मुलीला, ते कळलं नाही.

जागा कुठून आली ते मला नंतर दिसलं. डिस्कवरचं मामांचं स्वतःचं खातं रिकामं होतं. सहा वर्षं ते तिथे माझ्या आजीच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, तोंडचे शब्द टिपत होते. पेती राफ्रे गावच्या शेतातले, चुलीजवळचे, पूर्वजांनी कोकणातून आणलेले, आणि प्रत्येकाखाली ती तो शब्द कुणाला, कधी म्हणाली ते.

"आजी जाऊन वर्ष झालं, आता हे कोण सांगणार?" मी ओरडलोच. "निदान टेपवर उतरवायचं! कपाटात कोरी टेप होती."

"गनितवाल्यांचा नाव होता तिच्यावर. त्यांचा साहेब कोंझेवर, महिनाभर यायचा नाय. कोनाला विचारू?"

मला त्यांचा फार राग आला. अजून येतो. पुढे काही रविवार, पुसलेले शब्द त्यांच्या आठवणीतून उतरवायला, मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. सुरुवातीला ते भराभर सांगत. मग एखाद्या शब्दापाशी अडत आणि म्हणत, "हा तिचा का माझा, नाय सांगता येत. तिला विचारल्याबिगर नको लिवू."

मी लिहिलं नाही. वहीत सतरा शब्द आहेत. मामाही आता नाहीत, आणि त्यापुढची पानं मी कोरीच ठेवली आहेत.