बँडवाल्यांचं गाव

सून समई चिंचेनं घासायला बसली की तो आंबट पितळी वास येतो आणि मला मूर्तिजापूरच्या पुढचं बँडवाल्यांचं गाव आठवतं. ताईच्या लग्नात त्यांच्या क्लॅरिओनेटनं मला वेड लावलं होतं. पुढच्या लग्नसराईत ते कुठेच दिसेनात, म्हणून अकोल्याच्या कॉलेजातून एका रविवारी मी निघालो, मूर्तिजापूरला अरुंद रुळांची छोटी गाडी धरली आणि पुढच्या स्टेशनापासून भर उन्हात, भेगाळल्या काळ्या रानातून त्यांचं गाव गाठलं. क्लॅरिओनेटवाला घरीच होता. ओसरीत चिंचेनं लख्ख केलेली पितळी वाद्यं गोणपाटावर मांडली होती, विकायला. "बुद्धाची दीक्षा घेतली, बाबू. आता कोनाच्या मांडवाबाहेर उभं राहून वाजवनं नाई," तो म्हणाला. ताईच्या लग्नाची आठवण देऊन, एकदाच वाजवा, म्हणून मी गयावया केली. तो हसला, म्हणाला, "आधी पानी तं घ्या," आणि आतून गडवा भरून घेऊन आला. माझ्या घशाला कोरड पडली होती, पण त्या घरचं पाणी प्यायचं नाही हे वळण लहानपणापासूनचं. तोंडून निघून गेलं, "तहान नाही." तो माझ्या सुकलेल्या ओठांकडे पाहत राहिला. "तुमच्या मांडवाबाहेर मले पानी वरून ओतलं होतं," तो शांतपणे म्हणाला, "मी ओंजय धरली अन् पेलो." मग त्यानं ते पाणी दारातल्या झाडाला घातलं आणि क्लॅरिओनेट कापडात गुंडाळलं. आताही सून विचारते, "बाबा, समईकडे असं काय पाहता?" मी तिच्याकडे पाणी मागतो.