बॉनेटखालची लाल पट्टी

मंगरूळपीरजवळच्या आमच्या बगीच्यात मोटार आली तेव्हा मला लग्न होऊन सहा महिने झाले होते. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती अकोल्याच्या एका निवृत्त साहेबाकडून घेतली. गाडी विलायती होती. वांगी, मेथी, संत्री बाजारात न्यायला तिचा काडीचा उपयोग नव्हता, ते काम बैलगाडीच करायची. मोटारीनं दारात उभं राहायचं असे, आणि ते ती चोख करी.

पहिल्या दसऱ्याला सासूबाईंनी पूजेसाठी बॉनेट उघडायला लावलं. "वरच्या पत्र्याची कायले पूजा करता? गाडी वढते थो आत हाये." आत बॅटरीजवळ एक लाल पट्टी होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि विजेची नागमोडी खूण. मी ताम्हण धरून शेजारीच उभी होते, म्हणून वाचली. बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडा, उलट जोडाल तर डायनॅमो जळेल, असा मजकूर होता. मी अकोल्याला मॅट्रिकपर्यंत शिकले होते. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी तो विषय काढत नसे, जणू मला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. सासूबाईंना पट्टीचा रंग शुभ वाटला. तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी तिच्यावरच थापला. तीन दसऱ्यांत अक्षरं पार बुजली.

ड्रायव्हर मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला होता. लढाई संपल्यावर लिलावात निघालेल्या लष्करी ट्रकवर त्याचा हात बसला होता. दिवाळीनंतर कामासाठी परमुलखात जाणारं त्याचं बिऱ्हाड या नोकरीमुळे पहिल्यांदा जागेवर थांबलं होतं आणि थोरली मुलगी शाळेत बसली होती. हे तो येईल त्याला सांगायचा.

चौथ्या वर्षी बॅटरी उतरली. ती त्यानं अकोल्याहून भरून आणली आणि सकाळी बसवायला घेतली. मामाजी बाजेवर बसले होते. मी ओसरीत मेथी निवडत होते. ट्रकवर उणं टोक सांगाड्याला जायचं, तसंच तो इथं जोडू लागला. तारांचे पट्टे टोकांना जुळेनात, तर पक्कडीनं ओढून बसवले. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. पण मामाजींसमोर मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. त्यांना काही सांगायचं ते सासूबाईंमार्फत, आणि सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. मी मेथी निवडत राहिले.

त्यानं गाडी सुरू केली. जळका वास आला, मग धूर, आणि डायनॅमो गेला.

"उद्यापासून येऊ नको," मामाजी म्हणाले.

तेव्हा मी उठले. पदर सारखा केला, गाडीपाशी गेले, अंगठ्याच्या नखानं शेंदूर खरवडला आणि पट्टी मोठ्यानं वाचून तिचा अर्थ सांगितला. "मामाजी, याची चूक नाही. आपनच झाकून ठेवलं."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विहिरीवरून आलेल्या सासूबाईंना म्हणाले, "हिले आत घेऊन जा." ड्रायव्हरला ठेवायचं तर शेंदराला दोष द्यावा लागला असता. मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही.

त्या वेळी ड्रायव्हर पक्कड पुसून ठेवत होता. मी जवळून जाताना त्यानं हळूच विचारलं, "बाई, हे तुमाले आंधीपासून वाचता येत होतं?"

"हो."

"अन् मी जोडून राह्यलो तवा तुमी इथंच होत्या."

"होते."

पुढचं त्यानं विचारलं नाही. चपला घातल्या आणि तो सडकेकडे निघाला. विचारलं असतं तर तेव्हा मला उत्तर सुचलं नसतं. आता सांगता येतं. मी भ्याले होते, आणि त्याच्या पोटापेक्षा मला माझा पदर मोठा वाटला.