ओल्या बांबूचा पूल

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी इंजिनिअर्सच्या पलटणीत हवालदार होतो. भंडारा जिल्ह्यात पूर आला आणि आमची प्लाटून सिहोऱ्याकडे निघाली. लोक आजही म्हणतात, देवाजी पुरात गेला. साफ चूक. पूर ओसरत होता. त्याला नेलं उन्हानं.

लान्स नाईक देवाजी आंबागडचा. घर एवढं जवळ, पण पठ्ठ्यानं घरी जायची गोष्टही काढली नाही. नाल्यापलीकडे काही घरांची टोली अडकली होती. घरात दाणा नव्हता. लोखंडी पुलाचं सामान दुसरीकडे गेलं होतं. सुभेदार साहेबांनी हुकूम दिला, "बांबूचा बांधा. आजच."

कोरडा बांबू गावात कुणाकडे नव्हता. होता तो तलावात. तिकडे तोडलेला बांबू दगडाखाली पाण्यात दाबून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. मग सावलीत उभा करून वाळवतात, आणि नंतरच घराला लावतात. आम्ही तो निथळता उचलला. वाकतो पण मोडत नाही म्हणून जवान खूश. देवाजीनं मात्र तोंड वाकडं केलं. वाळलेला बांबू जेवढं वजन पेलतो तेवढं भिजलेला पेलत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून आम्ही एकाच्या जागी दोन बांबू घातले, खालचे आधाराचे घोडे जवळजवळ उभे केले. काथ्याच्या दोरानं भर पावसात असं कसून बांधलं की तळहात सोलले. पूल टिकला. धान्य पलीकडे गेलं.

मग पाऊस थांबला आणि दोन दिवस कडक ऊन पडलं. काय सांगू, आम्ही लहान पोरांसारखे खूश झालो. बनियनी वाळत घातल्या. टोलीतली माणसं गाठोडी, शेळ्या घेऊन इकडच्या छावणीत यायला लागली. दुपारी देवाजीनं पुलाच्या एका गाठीखाली अंगठा घालून पाहिला. तो सहज आत गेला.

"भाऊ, बांबू वाळून राहिला," तो मला म्हणाला. "बारीक झाला. दोरबी ढिला पडला. लोकायले थांबवा."

मी वायरलेसवर पलीकडच्या पोस्टला सांगितलं, "क्रॉसिंग बंद करो. ओव्हर."

"एक औरत बीच में है. पेट से है. ओव्हर."

ती बाई मागेही फिरेना, पुढेही येईना. मधला घोडा हलत होता. देवाजी दोराचं भेंडोळं घेऊन पाण्यात उतरला. गाठ आवळायला वेळ नव्हता. त्यानं आडव्या बांबूखाली खांदा दिला आणि वर बघून म्हणाला, "चाल बाई. मी धरून आहो. खाली नोको पाहू."

ती चालली. मी काठावरून हात धरून तिला ओढली. त्याच क्षणी घोडा गाठींतून निसटला आणि सगळा पूल देवाजीच्या अंगावर आला. आम्ही उड्या टाकल्या. बांबू बाजूला करून त्याला वर काढलं, तेव्हा श्वास नव्हता.

नंतर सुभेदार साहेबांनी एकेक बांबू तपासला. एकही मोडला नव्हता. त्या उन्हाचा मला अजून राग येतो.

आंबागडला प्रेत आम्हीच घेऊन गेलो. पोरगा कसा गेला, असं बापानं विचारलं. मी खरं ते सांगितलं, गाठी सैल झाल्या म्हणून. भावकीनं हिरवा बांबू तोडून तिरडी बांधली. मी खांदा दिला. त्या दिवशीही ऊन होतं.

विसाव्याला तिरडी खाली ठेवली, तेव्हा म्हातारा बाप वाकला. प्रत्येक गाठीखाली त्यानं अंगठा घालून पाहिला. मग एकेक करून सगळ्या गाठी पुन्हा आवळल्या. आम्ही खांदेकरी उन्हात उभे होतो. चला, असं कुणीही म्हणालं नाही.