उदबत्तीचा वास येणारा हातमोजा

रबरी हातमोजा घालण्याआधी फुगवून बघायचा, ही विजेच्या सबस्टेशनमधली पहिली शिकवण. मनगटाकडून गुंडाळत हवा आत कोंडायची, की पाचही बोटं ताठ उभी राहतात. मग तो गालाशी धरून दाबायचा. भोक असेल तर हवा गालाला लागते. मला हा प्रकार पहिल्यापासून नकोसा वाटायचा. आत कुणीतरी आहे असंच वाटायचं, आणि मी ते सगळ्यांसमोर बोलूनही दाखवायचे. हसायचं त्यांनी हसावं.

मी मुलुंडला होते तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका केबलचं काम निघालं. आदल्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा केली होती, मोज्यांवर अजून हळदकुंकू होतं. माझे जोडीदार मालवणकडचे काका, माझ्या वडिलांच्या वयाचे. मोजे ते घालणार होते, म्हणून मी तपासायला घेतले. डावा ठीक निघाला. उजवा गालाशी धरून दाबला, आणि कुणी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तशी हवा गालावर आली. तिला उदबत्तीचा वास होता.

आई शप्पथ, मी तो फेकलाच.

काकांनी उचलून पाहिला. अंगठ्याच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढं भोक. पूजेत पेटती उदबत्ती त्यांनीच तिथे टेकवली होती.

"देवाची उदबत्ती ती गो, ती काय वाईट करतली? लोकांचो पाण्याचो पंप बंद आसा, चल!"

"काका, डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडलेच. दुसरी जोडी आणून, फुगवून बघून त्यांच्या हातात कोंबली. पुटपुटत का होईना, त्यांनी ती घातली.

बंद केलेल्या केबलमध्येही वीज साठून राहते. ती जमिनीत सोडायला काकांनी तार जोडलेली दांडी पुढे केली. दांडी टेकायला आणि जमिनीकडची तार निसटायला एकच गाठ पडली. निळा लोळ उठला, माझे कान बंद झाले, आणि ती तार काकांच्या उजव्या हातावर, अंगठ्यापाशीच आपटली.

काका उभे होते. मी त्यांना बाहेर आणून बसवलं, चहा मागवला. चहा गार झाला तरी त्यांनी मोजे काढले नाहीत. मी काढायला गेले तर त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले.

"गो, आत माझे हात आसत ना?"

"आहेत ना काका," मी म्हटलं खरं, पण त्या उजव्या मोज्याला हात लावायची माझीही छाती होईना.